पन्नास, साठ की शंभर? जुन्या आर्केड बोर्डाच्या आवाजातला बिघाड शोधताना

१९८०च्या दशकातला एखादा आर्केड बोर्ड, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेम यंत्रातला सर्किट बोर्ड, हाती येतो. चित्र स्वच्छ, खेळ सुरळीत, पण स्पीकरमधून संगीताच्या मागे सतत भुणभुण. नवखा माणूस अशा वेळी बोर्डावरचे सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलायला घेतो. दोन संध्याकाळी जातात, बोर्डावरचे चार-दोन ट्रॅक (तांब्याच्या रेषा) उखडतात आणि भुणभुण होती तिथेच राहते, कारण दोष कपॅसिटरमध्ये नव्हताच. तो एज कनेक्टरच्या, म्हणजे बोर्डाच्या कडेवर बसणाऱ्या जोडणीच्या, काळ्या पडलेल्या ग्राउंड पिनांत होता.

म्हणून इथे क्रम उलटा धरला आहे. आधी कान, मग मीटर आणि सोल्डरिंग आयर्न सगळ्यांत शेवटी. बिघडलेला आवाज स्वतःच आपला पत्ता सांगत असतो. तो नीट ऐकला तर अर्धा बोर्ड न तपासताच बाजूला काढता येतो.

आवाज कुठून कुठे जातो

बहुतेकांच्या हाती येतो तो जामा जोडणीचा बोर्ड. जपानी उत्पादकांच्या संघटनेने १९८५ साली ठरवलेली ही ५६ पिनांची जोडणी आहे. प्रत्येक बाजूला २८ पिना आणि दोन पिनांत ३.९६ मिलिमीटर अंतर. सुट्या भागांच्या बाजूला पिनांना आकडे असतात, सोल्डरच्या बाजूला इंग्रजी अक्षरे.

या बोर्डांवर आवाजासाठी वेगळा प्रोसेसर असतो, बऱ्याचदा झेड८०. तो यामाहाच्या वायएम२१५१सारख्या एफएम आयसीकडून संगीत वाजवून घेतो, आणि ओकीच्या एमएसएम६२९५सारख्या आयसीकडून बोलणे, किंकाळ्या, ठोसे असे ध्वनिमुद्रित तुकडे. वायएम२१५१ फक्त आकडे बाहेर टाकतो. त्यांचे व्होल्टेजमध्ये रूपांतर करतो शेजारचा १६ पिनांचा वायएम३०१२ हा डॅक. पुढे एलएम३२४ किंवा टीएल०८४सारखे ऑप-अँप (छोटे अँप्लिफायर आयसी) सगळे आवाज एकत्र करतात, मग येतो व्हॉल्यूमचा पोट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचा पोटेंशिओमीटर, त्यानंतर स्पीकर चालवणारा पॉवर अँप (अँप्लिफायर), आणि शेवटी जामाच्या १० आणि एल या पिनांवरून स्पीकर. हा क्रम पाठ असू द्या. खालची सगळी शोधाशोध याच वाटेवर पुढे-मागे चालते.

काय हवे, आणि काय करायचे नाही

बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून टेबलावर तपासा. कॅबिनेटमधल्या पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्ट असतात आणि यंत्र बंद केल्यावरही ते काही काळ टिकतात. आवाजाच्या दुरुस्तीसाठी तिकडे हात घालण्याचे काहीच कारण नाही.

टेबलावर एक चांगला एसएमपीएस (मेन्सपासून ५ आणि १२ व्होल्ट देणारा सप्लाय), ८ ओहमचा चालू स्थितीतला स्पीकर, मल्टिमीटर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मोबाइलमध्ये फ्रिक्वेन्सी दाखवणारे एखादे फुकट अ‍ॅप एवढे हवे. शिवाय ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा एलएम३८६चा छोटा अँप घ्या किंवा बनवा. मेन्सवर, म्हणजे घरातल्या विजेवर, चालणारा अँप स्वतःची भुणभुण सोबत आणतो, म्हणून बॅटरीचाच हवा. त्याच्या इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर आणि १० किलोओहमचा रेझिस्टर एकामागे एक जोडा आणि पुढे एक सुई लावा. ग्राउंडच्या वायरला मगरचिमटा लावला की ऑडिओ प्रोब तयार. ऑसिलोस्कोप असला तर उत्तम, पण ऐकू येणाऱ्या बिघाडांपैकी बरेचसे या प्रोबनेच सापडतात.

मल्टिमीटरबद्दल एक इशारा. दीडशे-दोनशे रुपयांच्या पिवळ्या मीटरवर एसीची सर्वांत लहान रेंज २०० व्होल्टची असते आणि आत डीसी अडवणारा कपॅसिटर नसतो. सप्लायमधली रिपल (डीसीवर उरलेली एसीची लहर) पाहायला १२ व्होल्टवर तो एसीत लावला, तर तो खुशाल पंचवीसेक व्होल्ट दाखवतो. ती रिपल नाही, मीटरची मर्यादा आहे. मिलिव्होल्टमध्ये एसी मोजणारा मीटर नसेल तर रिपल कानानेच ओळखा.

आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही. स्पीकरची वजा वायर ग्राउंडला जोडू नका. फुजित्सुचा एमबी३७३० किंवा सान्योचा एलए४४६० असे अँप ब्रिज पद्धतीचे असतात, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही तारा अँपच चालवतो. त्यांच्या दोन्ही तारांवर सप्लायच्या निम्मे व्होल्टेज असते. यातली एक ग्राउंडला टेकली की अँप जळू शकतो. ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप त्या तारेला लावणे म्हणजे तीच चूक करणे.

आधी नुसते ऐका

मराठीत आवाजांना शब्द भरपूर आहेत, त्यांचा उपयोग करून घ्या. सतत घुमणारा जाड ‘हूं’, धारदार भुणभुण, कोरडी खरखर, फुसफुस, ठराविक अंतराने होणारी टपटप, बारीक शिट्टी. कोणता आवाज येतो, केव्हा येतो आणि कशाने बदलतो, हे कागदावर लिहा. नाणे टाकण्यापूर्वी असतो का? चाचणीच्या पडद्यावर असतो का? चित्र उजळले की वाढतो का?

घुमणारा आवाज असेल तर मोबाइल स्पीकरजवळ धरून अ‍ॅपमध्ये त्याची फ्रिक्वेन्सी पाहा. या कामात आपल्याकडच्या लोकांना एक फायदा आहे. भारतात मेन्स ५० हर्ट्झची आहे आणि आर्केड बोर्ड पडद्यावरचे चित्र सेकंदाला साधारण ६० वेळा रंगवतात. अमेरिकेत मेन्सही ६० हर्ट्झची असल्याने हे दोन आवाज एकमेकांत मिसळून जातात. जपानमध्ये ओसाकाकडे ६० आणि टोकियोकडे ५०. आपल्याकडे मात्र नुसत्या आकड्यावरून भुणभुण कुठून आली ते कळते.

१०० हर्ट्झ दिसले तर दोष ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारे चार डायोड) असलेल्या सप्लायकडे आहे. मेन्सच्या दोन्ही अर्ध्या लाटा रेक्टिफाय होतात म्हणून ५०चे १०० होतात, आणि फिल्टर कपॅसिटर सुकला की ते अँपपर्यंत पोहोचतात.

५० हर्ट्झ म्हणजे दोन शक्यता. एकतर ब्रिजमधला एखादा डायोड उघडा पडून अर्धीच लाट येते आहे, किंवा आवाजाच्या कुठल्या तरी वायरला जवळच्या मेन्सची लागण झाली आहे. तुटलेली शील्ड आणि लोंबकळणारी ग्राउंड वायर हे नेहमीचे संशयित. छोट्या स्पीकरला ५० हर्ट्झ नीट वाजवता येत नाही, त्यामुळे अ‍ॅपमध्ये त्याच्या पटीही दिसतील. सगळ्यांत डावीकडचा खांब पाहा.

साठच्या आसपास दिसले तर मेन्सचा काही संबंध नाही. ही चित्राची भुणभुण आहे. बोर्डावरचा व्हिडिओचा भाग प्रत्येक फ्रेमला जसजसा करंट ओढतो, तसतसे ग्राउंड किंवा ५ व्होल्ट किंचित हलतात आणि ते हलणे अँपला ऐकू जाते. आकडा बरोबर ६०च यायला हवा असे नाही. आयरेमच्या एम७२ जातीचे बोर्ड ५५ हर्ट्झवर चालतात, तिथे ५५ दिसेल. पडदा पांढराशुभ्र झाल्यावर भुणभुण वाढली आणि काळा झाल्यावर कमी झाली, तर खात्रीच समजा.

टपटप किंवा फटफटीसारखा आवाज सेकंदाला दोन-चार ठोक्यांच्या गतीने येत असेल, तर अँपचा आउटपुट सप्लायच्या वाटेने परत इनपुटला पोहोचतो आहे. त्या सप्लायवरचा डीकपलिंग कपॅसिटर (सप्लाय स्थिर ठेवणारा) बहुधा गेलेला असतो.

बारीक, कानात घुसणारी १५ किलोहर्ट्झच्या वरची शिट्टी बहुतेकदा स्पीकरमधून येतच नाही. ती मॉनिटरच्या फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरची असते. मॉनिटर बंद करा, शिट्टी थांबली तर बोर्ड निर्दोष. वयाने मोठ्या माणसाला ती ऐकूही येत नाही, म्हणून घरात कोण बरोबर यावर वाद घालू नका.

विजेपासून सुरुवात

५ व्होल्ट सप्लायच्या स्क्रूवर मोजू नका. बोर्डावर कनेक्टरपासून सर्वांत दूरच्या एखाद्या टीटीएल आयसीच्या (५ व्होल्टवर चालणाऱ्या साध्या डिजिटल आयसीच्या) सप्लायच्या पिनेवर मोजा, आणि तेही खेळ चालू असताना. टीटीएलला ४.७५ ते ५.२५ चालते, पण ४.९५ ते ५.१०च्या मध्ये ठेवणे चांगले. सप्लायवर ५.१ आणि आयसीवर ४.७ दिसत असेल तर मधले ०.४ व्होल्ट हार्नेस (बोर्डाला जोडणाऱ्या वायरींची जुडी) आणि कनेक्टरने खाल्ले. सप्लायची चकती फिरवून ते भरून काढायच्या मोहात पडू नका. ज्या संपर्कात व्होल्टेज पडते तो तापतो, तापला की आणखी काळा पडतो.

आता मीटरची काळी सुई सप्लायच्या ग्राउंडवर आणि लाल सुई बोर्डाच्या ग्राउंडवर लावा. शून्य यायला हवे, काही दशक मिलिव्होल्ट चालतील. ०.२ व्होल्टच्या वर गेले की भुणभुणीचे कारण बहुधा तिथेच आहे. हिशेब साधा आहे. बोर्ड ३ अँपिअर घेतो आणि काळ्या पडलेल्या संपर्काचा विरोध ०.१ ओहम आहे, तर त्यावर ०.३ व्होल्ट पडणार. हे ०.३ व्होल्ट स्थिर राहिले असते तरी एकवेळ चालले असते. पण प्रोसेसर आणि व्हिडिओ यांचा करंट क्षणाक्षणाला बदलतो, त्यामुळे ग्राउंड हिंदकळते. अँपच्या दृष्टीने ग्राउंड म्हणजे समुद्रसपाटी. सपाटीच वर-खाली झाली की तोही आवाजच.

जामामध्ये १, २, ए, बी आणि २७, २८, ई, एफ अशा आठ पिना ग्राउंडच्या आहेत. ई आणि एफ इथे छोटी अक्षरे. जुन्या हार्नेसमध्ये यातल्या दोन-तीनच जोडलेल्या आढळतात. आठही जोडा. बोर्डाच्या कडेच्या पट्ट्या आधी पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासा, मग अल्कोहोलने पुसा. सँडपेपर नको, सोन्याचा किंवा टिनचा मुलामा जातो आणि पट्टी कायमची काळवंडते. हार्नेसच्या कनेक्टरचे आतले पत्रे सैल झाले असतील तर कनेक्टर बदला. साठच्या भुणभुणीचे कितीतरी रुग्ण एवढ्यानेच बरे होतात.

मग १२ व्होल्ट, जामाची ६ आणि एफ ही पिन. हा एफ मोठा. पॉवर अँप यावर चालतो. स्वस्त आर्केड सप्लायमध्ये नियंत्रण फक्त ५ व्होल्टवर असते, १२ आणि वजा ५ त्याच्यामागे फरफटत जातात. त्यामुळे कमी करंट खाणाऱ्या बोर्डावर १२चे १०.५ झालेले दिसू शकतात, आणि मोठ्या आवाजाला अँप फाटल्यासारखा वाजतो. दुसरा सप्लाय लावून पाहणे हा इथे सर्वांत झटपट उपाय. वजा ५ व्होल्ट बहुतेक बोर्डांना लागत नाहीत, पण ज्यांच्या ऑप-अँपला लागतात त्यांना ते मिळाले नाहीत तर आवाज एकतर बंद, नाहीतर चिरकलेला. बोर्डावर ५ आणि ई या पिनांपासून ट्रॅक निघतो का, एवढे बघितले की कळते.

व्हॉल्यूम शून्यावर आणा

या लेखातली सगळ्यांत कामाची पायरी हीच, आणि लागतो एक स्क्रूड्रायव्हर. बोर्डावरचा व्हॉल्यूमचा पोट पूर्ण खाली फिरवा.

भुणभुण तशीच राहिली, तर ती पोटच्या पुढे जन्मते आहे. म्हणजे पॉवर अँप, त्याचा सप्लाय, ग्राउंड किंवा स्पीकरच्या वायरी. ऑप-अँप, डॅक, साउंड आयसी, रॉम सगळे निर्दोष सुटले. आवाजाबरोबर भुणभुणही गेली, तर दोष पोटच्या अलीकडे आहे आणि पॉवर अँपला हात लावायचे कारण नाही.

पोट फिरवतानाच खरखर होत असेल तर दोषी तोच. त्याच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तीस-चाळीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा. तरी खरखर राहिली तर बदला, आणि बदलताना मूळचीच किंमत घाला. मधल्या सरकत्या पिनेवर डीसी व्होल्टेज मिळाले तर त्याच्या आधीचा कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त आवाज पुढे सोडणारा) गळतो आहे. अशा वेळी नवा पोटही महिनाभरात खरखरायला लागेल.

पोटच्या पुढे: पॉवर अँप

उदाहरण टीडीए२००३चे घेऊ, कारण पाच पिनांचा हा आयसी नकली बोर्डांवर सर्रास असतो आणि सुटे भाग कमी असल्याने शिकायला सोपा आहे. पिन ५ वर १२ व्होल्ट, पिन ३ ग्राउंड, पिन ४ आउटपुट. काही वाजत नसताना पिन ४ वर सप्लायच्या निम्मे, म्हणजे साधारण ६ व्होल्ट हवेत. ०.५ किंवा ११.५ मिळाले तर आयसी गेला.

निर्मात्याच्या नमुना सर्किटमध्ये याच्याभोवती थोडेच कपॅसिटर आहेत आणि प्रत्येकाचा आजार वेगळा ऐकू येतो. पिन २ कडे जाणारा ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सप्लायची रिपल दाबण्याच्या कामी येतो. तो सुकला की १२ व्होल्टवरची भुणभुण थेट स्पीकरमध्ये. स्पीकरच्या आधीचा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुकला तर भुणभुण येत नाही, आवाज पत्र्याच्या डब्यासारखा होतो, ढोल-स्फोट नाहीसे होतात. तोच शॉर्ट झाला तर ६ व्होल्ट डीसी स्पीकरच्या कॉइलवर आणि थोड्या वेळात जळका वास. आउटपुटपासून ग्राउंडकडे जाणारी ०.१ मायक्रोफॅरड आणि १ ओहमची जोडी अँपला स्थिर ठेवते. ती तुटली तर अँप ऐकू न येणाऱ्या वेगाने थरथरतो. कानाला फक्त थोडा घोगरेपणा जाणवतो, पण हीटसिंकला बोट लावले की चटका बसतो. आवाज बारीक असतानाही अँप तापतो, तेव्हा या जोडीकडे पाहा.

ब्रिज अँपमध्ये तपासणी आणखी सोपी. दोन्ही आउटपुट पिनांवर ६ व्होल्टच्या आसपास हवेत आणि दोघांमधला फरक ०.१ व्होल्टच्या आत. फरक एक-दोन व्होल्टचा असेल तर स्पीकर ताबडतोब काढा.

एवढे करूनही भुणभुण असेल तर अँपची इनपुट पिन १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून अँपच्याच ग्राउंडला टेकवून पाहा. आता शांत झाले तर अँप ठीक आहे, पोटपासून अँपपर्यंतचा ट्रॅक किंवा त्याची ग्राउंड तुटली आहे. अशी तूट कनेक्टरजवळच्या स्क्रूच्या भोकांपाशी हमखास सापडते.

पोटच्या अलीकडे: प्रोब घेऊन उलटे चाला

प्रोबचा मगरचिमटा ऑप-अँपजवळच्या ग्राउंडला लावा. पोटपासून सुरुवात करा आणि डॅकच्या दिशेने एकेक पाऊल मागे जा. ज्या ठिकाणी आवाज स्वच्छ आहे आणि पुढच्या ठिकाणी घाण, त्या दोहोंच्या मध्ये दोष. इतके सरळ आहे.

एलएम३२४ आणि टीएल०८४ यांच्या पिना सारख्याच. ४ वर अधिक सप्लाय, ११ वर ग्राउंड किंवा वजा सप्लाय, आणि १, ७, ८, १४ हे चार आउटपुट. फुजित्सुचा एमबी३६१४ म्हणजे एलएम३२४चाच भाऊ. एकाच सप्लायवर चालणाऱ्या बोर्डात ऑप-अँपचे इनपुट निम्म्या व्होल्टेजवर टांगलेले असतात, ५ व्होल्टला २.५ आणि १२ला ६. चारही आउटपुट त्याच्या आसपास दिसले पाहिजेत. एकच आउटपुट टोकाला चिकटला असेल तर आयसीचा तो भाग गेला. चारही सरकले असतील तर निम्मे व्होल्टेज तयार करणारे दोन रेझिस्टर आणि त्यांच्यासोबतचा १० ते १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तपासा. हा एक कपॅसिटर सुकला की ५ व्होल्टवरचा सगळा डिजिटल कचरा प्रत्येक आवाजात शिरतो. तो चुरचुर, सरसर असा ऐकू येतो आणि पडद्यावर हालचाल झाली की पोत बदलतो.

आयसी बदलताना एक चूक बरेच जण करतात. एलएम३२४ आवाजाला सुमार म्हणून त्याच्या जागी टीएल०८४ घालतात. दोन्हीकडून सप्लाय मिळणाऱ्या किंवा १२ व्होल्टच्या सर्किटात ते चालूनही जाते. पण एलएम३२४ एकट्या ५ व्होल्टवर चालतो, टीएल०८४ला तेवढे पुरत नाही आणि आवाज अधिकच चिरकतो. जो होता तोच घाला.

१९९०च्या दशकातल्या कोनामीच्या काही बोर्डांवर हा सगळा भाग एका छोट्या उभ्या पट्टीवर असतो आणि तिच्यावर पृष्ठभागावर चिकटवलेले बारीक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. ते हटकून गळतात. सोल्डर निस्तेज, ट्रॅक हिरवट आणि आयर्न लावताच सुक्या मासळीसारखा वास आला तर दुसरे काही शोधू नका. इथे मात्र सगळे कपॅसिटर बदला, गळलेला द्रव अल्कोहोल आणि ब्रशने धुऊन काढा आणि प्रत्येक ट्रॅकची सलगता मीटरने तपासा.

घाण डॅकमधूनच बाहेर येत असेल तर

मग प्रश्न डिजिटल भागाचा. वायएम२१५१ला बहुतेक बोर्डांवर ३.५८ मेगाहर्ट्झचे क्लॉक मिळते आणि डॅकला त्याच्या निम्मे. संगीत बरोबर पण प्रत्येक सुराभोवती करकर असेल, तर दोन आयसींमधल्या तीन-चार डेटा वायरींचे ट्रॅक आणि डॅक स्वतः, एवढेच तपासा. संगीताच्या जागी एकच कर्कश सूर अडकून बसला तर साउंड प्रोसेसर भरकटला आहे. झेड८०च्या पिन ११ वर ५ व्होल्ट, २९ ग्राउंड, ६ वर क्लॉक आणि २६ म्हणजे रिसेट वरच्या पातळीवर आहे ना ते बघा. चारही बरोबर असतील तर त्याची रॅम आणि रॉम. रॉम वाचून तिचा सीआरसी (मजकूर अचूक आहे का ते सांगणारा तपासणी-आकडा) मेम प्रकल्पाच्या, म्हणजे जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणाऱ्या प्रकल्पाच्या, यादीशी जुळवता येतो.

संगीत निर्मळ आणि फक्त बोलणे खरखरीत असेल तर संशय ओकी आणि त्याच्या रॉमवर. रॉम सॉकेटमध्ये असेल तर काढून तिचे पाय घासून परत बसवा. बोलणे नेहमीपेक्षा जाड किंवा चिपमंकासारखे बारीक वाटत असेल तर एमएसएम६२९५ची पिन ७ पाहा. ती वर असेल तर क्लॉकला १३२ने भागले जाते, खाली असेल तर १६५ने. १.०५६ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर म्हणजे सेकंदाला ८,००० किंवा ६,४०० नमुने. पिन तरंगत राहिली तर स्वरही तरंगतो.

या आकड्यांवरून आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ८,००० नमुन्यांचा, चार बिटांत कोंबलेला आवाज जन्मतःच घोगरा असतो. तो बिघाड नव्हे. विशेषतः आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरांमधल्या नकली बोर्डांबाबत हे खरे. महाराष्ट्रात ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखला जाणारा कॅपकॉमचा १९९३चा खेळ मूळ बोर्डावर क्यूसाउंड या दर्जेदार स्टीरिओ पद्धतीने वाजतो, नकली बोर्डांवर त्याऐवजी ओकीसारखे स्वस्त आयसी बसवलेले आढळतात. त्यातून मूळचा आवाज निघावा म्हणून कितीही सोल्डरिंग केले तरी निघणार नाही.

एमबी७४एलएस असे छापलेले फुजित्सुचे टीटीएल आयसी डिजिटल भागात दिसले तर आधी त्यांच्यावर नजर ठेवा. जुन्या बोर्डांवर ते इतरांच्या मानाने फारच मरतात, आणि आउटपुट अधांतरी सोडून मरतात.

जामाच्या आधीचे बोर्ड

१९७९-८०च्या सुमाराच्या यंत्रांत एसएमपीएस नसतो. अटारीच्या यंत्रांत तळाला ट्रान्सफॉर्मरचा डबा असतो आणि त्यावर ‘बिग ब्लू’ म्हणून ओळखला जाणारा मोठा निळा कपॅसिटर, साधारण २६,००० मायक्रोफॅरड, १५ व्होल्ट. तिथून वीज ऑडिओ-रेग्युलेटर बोर्डावर जाते, ज्यावर टीडीए२००२चे अँप आहेत. या यंत्रात १०० हर्ट्झची भुणभुण आणि पडद्यावर वर सरकणारा पट्टा एकदम दिसला तर बिग ब्लूच गेला असे समजून चाला. त्याआधी त्याच्या स्क्रूंचे आणि डब्यावरच्या कनेक्टरचे संपर्क साफ करून पाहा. कपॅसिटर काढण्यापूर्वी १०० ओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरने पंधरा-वीस सेकंद डिस्चार्ज करा. पेचकसाने ठिणगी काढायची हौस नको.

कपॅसिटर बदलायचाच असेल तर

मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त, आणि १०५ अंशांचा. डब्यावरची पट्टी वजा बाजू दाखवते, बोर्डावर मात्र बऱ्याचदा अधिकची खूण छापलेली असते. उलटे बसण्याचे प्रकार इथेच घडतात. बीपी किंवा एनपी लिहिलेल्या जागी बायपोलरच हवा. बोर्डात असताना कपॅसिटर मोजला तर शेजारचे भागही मोजले जातात, म्हणून संशयिताचा निदान एक पाय मोकळा करून मोजा. १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचा ईएसआर (त्याचा आतला विरोध) ०.२ ओहमच्या आत हवा, १ मायक्रोफॅरडच्याला काही ओहम चालतात.

आयर्न ३५० अंशांवर ठेवा. जुन्या सोल्डरवर आधी थोडे नवे ६३/३७ (कथील-शिसे) सोल्डर आणि फ्लक्स घाला, मगच पंप मारा. ग्राउंडच्या पायाशी तांब्याचा मोठा पत्रा उष्णता पिऊन टाकतो. तिथे जास्त वेळ थांबा, पण ओढाताण करू नका. पाय हलतो आहे असे दिसल्यावरच कपॅसिटर निघतो. नाहीतर भोकाच्या आतला मुलामा त्याच्यासोबत येतो, आणि मग भुणभुण परवडली असे वाटायला लागते.

कपॅसिटर, रेझिस्टर, कनेक्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळतात. बंद झालेले जपानी अँप आयसी घेताना सावध राहा. घासून नवे नाव छापलेले बरेच फिरतात. नवा आयसी बसवून पहिल्यांदा वीज देताना स्पीकर लावू नका. आधी आउटपुट पिनांवर निम्मे व्होल्टेज आले का ते पाहा. आले तर स्पीकर जोडा, व्हॉल्यूम पाव ठेवा आणि अर्धा तास खेळ चालू ठेवून हीटसिंकला अधूनमधून हात लावत राहा. थंड बोर्डावर गायब झालेली भुणभुण वीस मिनिटांनी परत आली, तर हेअर ड्रायरने एकेक आयसी आळीपाळीने गरम करा. जो गरम झाल्यावर ती लगेच वाढते, तो बदला.